तीन हातांनी टाकलेलं मीठ: ७.१ हेडसेट, एचआरटीएफ आणि पाठीमागची पावलं

तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या बर्डीवरून ‘७.१ सराउंड’ (म्हणजे भोवती आठ स्पीकर असल्याचा आभास) छापलेला यूएसबी हेडसेट घेतला. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये डावं-उजवं बरोबर कळतं, पण पाऊल समोर वाजलं की पाठीमागे हे ओळखता येत नाही. वरच्या मजल्यावर कोण आणि खाली कोण, याचा तर पत्ताच लागत नाही. एक मित्र म्हणतो डॉल्बी ॲटमॉस (हेडफोनमध्ये भोवतालचा आवाज उभा करणारं सॉफ्टवेअर) विकत घे, दुसरा म्हणतो हेडसेटच भंगार आहे. आणि जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधलं ७.१ चालू आहे, विंडोजमधलं स्पेशियल साउंड चालू आहे आणि गेममधलं एचआरटीएफसुद्धा (डोकं आणि कान आवाज कसा बदलतात याची नक्कल करून दिशा देणारी सोय) चालू आहे.

हे शेवटचं तुम्ही सहज लिहून गेलात, पण दुखणं तिथेच आहे. भाजीत मीठ आईनं टाकलं, टाकलं की नाही हे न विचारता बहिणीनंही टाकलं, आणि ताटावर बसल्यावर तुम्ही वरून आणखी भुरभुरलंत, तशी गत झाली आहे. हेडसेट भंगार असेलही. पण या अवस्थेत लाखाचा हेडफोन लावला तरी मागचं-पुढचं कळणार नाही.

म्हणून ‘कोणता हेडसेट थ्रीडी आवाज देतो’ हा प्रश्न बाजूला ठेवू. आवाजात दिशा कुठे घातली जाते आणि किती वेळा घातली जाते, हे बघू. काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत: तुमच्या कानाचा आकार गेममधल्या नमुन्याच्या कानाशी किती जुळतो, तुमचा हेडसेट आवाजाला किती रंग देतो, खोलीत कूलर किती मोठा आहे. त्यामुळे ‘हे सेटिंग लावा, काम झालं’ असं मी सांगणार नाही. तपासायचा क्रम मात्र ठरलेला आहे.

आधी कानाचा हिशोब, कारण त्याशिवाय पुढची सेटिंग नुसती पाठ करावी लागतील. डोक्याची रुंदी १७-१८ सेंटिमीटर धरा. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला वळसा घालून पोचतो आणि त्याला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशीर होतो. गेमचा आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा (म्हणजे तितक्या वेळा टिपलेला) असतो, त्यात हा उशीर जेमतेम तीसेक नमुन्यांचा. (आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, तर आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना ३५८ च्या घरात असतो. म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात हा उशीर चार-पाच टक्क्यांनी घटतो. गेममध्ये मात्र बारा महिने डिसेंबर.) साधारण १५०० हर्ट्झच्या खालच्या आवाजांसाठी मेंदू हा उशीर वापरतो. त्यावरच्या बारीक आवाजांसाठी डोक्याची सावली कामी येते, कारण पलीकडच्या कानाला आवाज कमी पोचतो, कधी कधी २० डेसिबलपर्यंत कमी. ही दुहेरी मांडणी लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्येच केली होती.

अडचण अशी की समोर उजवीकडे ३० अंशांवरचा आवाज आणि मागे उजवीकडे ३० अंशांवरचा आवाज, दोघांचा उशीर आणि दोघांची सावली जवळपास सारखीच. आवाज नाकाच्या रेषेत असो की मानेच्या मागे, दोन्हीकडे फरक शून्य. तुम्हाला डावं-उजवं कळतं आणि मागे-पुढे कळत नाही, ते याचमुळे. पहिल्या कामासाठी साधा स्टीरिओही पुरतो. दुसरं काम बाहेरच्या कानाच्या घड्या करतात. आवाज त्या घड्यांवर आपटून परत येतो, मूळ आवाजात मिसळतो आणि काही पट्टे खाऊन टाकतो. महत्त्वाच्या खाचा साधारण ६ ते १० किलोहर्ट्झमध्ये पडतात आणि आवाजाची जागा उंच गेली की खाचही वरच्या पट्ट्याकडे सरकते. मेंदू लहानपणापासून या खाचा वाचायला शिकलेला असतो, पण फक्त स्वतःच्या कानाच्या.

एचआरटीएफ म्हणजे या सगळ्याची नोंद. पुतळ्याच्या किंवा माणसाच्या कानात मायक्रोफोन बसवायचा, वेगवेगळ्या दिशांनी आवाज सोडायचा आणि प्रत्येक दिशेला कान आवाजाचं काय करतो ते टिपायचं. एमआयटीत १९९४ मध्ये केमार नावाच्या पुतळ्यावर १.४ मीटरवरून अशा ७१० जागा मोजल्या गेल्या आणि तो संच सगळ्यांसाठी खुला केला गेला. गेम खेळताना इंजिनला शत्रू कुठे आहे आणि तुमचं तोंड कुठे आहे हे माहीत असतं. त्या कोनाचा फिल्टर ते पावलाच्या आवाजावर चढवतं आणि दोन कानांसाठी दोन तयार आवाज पाठवतं. दोनच. त्या दोन तारांवर सगळी त्रिमिती आलेली असते, पुढच्या कोणालाही काही करायचं उरत नाही.

आता तुमचा हेडसेट काय करतो ते बघा. बहुतेक ‘७.१’ हेडसेटमध्ये आठ स्पीकर नसतात, दोनच असतात. त्याचं सॉफ्टवेअर असं समजतं की आलेला आवाज खोलीत गोल मांडलेल्या स्पीकरांसाठी आहे, आणि त्या स्पीकरांची नक्कल करतं. गेमनं दोन चॅनल पाठवले की सॉफ्टवेअर म्हणतं, हे समोरचा डावा आणि समोरचा उजवा. मग प्रत्येकावर ‘समोर ३० अंश’ असा दुसरा फिल्टर चढतो, वर थोडा खोलीचा घुमारा. पाठीमागच्या पावलावर गेमनं काळजीपूर्वक चढवलेला ‘मागे’चा ठसा आता ‘समोर’च्या ठशाखाली दबला. शिवाय डाव्या कानासाठी तयार केलेला आवाज उजव्या कानातही सोडला गेला, कारण खोलीतला स्पीकर दोन्ही कानांना ऐकू येतो. यातून ०.६ मिलिसेकंदांचा हिशोबही बिघडतो. वर विंडोजचं स्पेशियल साउंड म्हणजे आणखी एक आडवा हात. ऐकायला हे ‘मोठं’ आणि ‘थिएटरसारखं’ वाटतं, म्हणून दुकानात लोक खूष होतात. दिशा मात्र गेलेली असते.

मग करायचं काय? व्हॅलोरंटला स्वतःचं एचआरटीएफ आहे, ते २०२१ मध्ये आलं. सुरुवातीला ते पावलं आणि रीलोडसारख्या मोजक्या आवाजांनाच लावलं होतं, आणि ते शहाणपणाचं होतं, कारण दिशा त्यांचीच लागते. तेव्हा दिशेचं काम गेमकडे द्यायचं आणि बाकी सगळ्यांना गप्प बसवायचं. हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधलं ७.१ बंद करा. वायरवरच्या रिमोटला त्याचं वेगळं बटन असेल तर तेही बघा. काही हेडसेटांत सॉफ्टवेअर ‘बंद’ दाखवतं आणि बटन आपलं चालूच असतं. विंडोजच्या साउंड सेटिंग्जमध्ये तुमच्या हेडसेटवर क्लिक करून स्पेशियल साउंड ‘ऑफ’, ऑडिओ एन्हान्समेंट्स ‘ऑफ’, मोनो ऑडिओ ‘ऑफ’, फॉरमॅट ४८,००० हर्ट्झ. मग ‘मोअर साउंड सेटिंग्ज’मधून जुनी खिडकी उघडा, हेडसेट निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा आणि स्पीकरांची मांडणी स्टीरिओ करा. ७.१ राहिली असेल तर गेमला अजूनही वाटतं की तुमच्याकडे आठ स्पीकर आहेत. त्याच खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा टॅब आहे. तिथे मुळात ‘कॉल आला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करा’ असं निवडलेलं असतं. तिथे ‘डू नथिंग’ करा, नाहीतर डिस्कॉर्डवर (खेळताना बोलायच्या ॲपवर) कोणी बोललं की पावलं बुडतात आणि तुम्ही दोष एचआरटीएफला देता. शेवटी गेमच्या ऑडिओत स्पीकर कॉन्फिगरेशन स्टीरिओ आणि एचआरटीएफ ‘ऑन’.

सॉफ्टवेअरमध्ये ‘फुटस्टेप बूस्ट’, ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ असलं काही असेल तर तेही बंद. ही मंडळी बारीक आवाज मोठे करतात आणि मोठे आवाज दाबतात. दहा मीटरवरचं पाऊल आणि तीस मीटरवरचं पाऊल सारख्याच जोरानं वाजू लागतं. अंतराची पहिली खूण जोर हीच असते, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात. ती पुसली की मग माणूस दाराशी आहे की पलीकडच्या गल्लीत, हे तुम्ही अंदाजानं ठरवता.

इक्वलायझर (आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांचा जोर कमी-जास्त करणारी सोय) वापरायचाच असेल तर हलक्या हातानं. गेमिंग हेडसेटमध्ये ढुमढुम मुद्दाम वाढवलेली असते आणि जाड आवाज बारीक आवाजाला झाकतो, म्हणून १०० हर्ट्झच्या खाली ३-४ डेसिबल उतरवा. २ ते ४ किलोहर्ट्झ फार तर ३ डेसिबल चढवा, पावलांची टाच तिथे ऐकू येते. ६ ते १० किलोहर्ट्झला हात लावू नका. तिथे खाचा आहेत, आणि तुम्ही ‘क्लिअर’ करायला म्हणून तिथे डोंगर उभा केलात तर मेंदूला वाचायचं अक्षरच गिरबटून जातं. स्वस्त हेडसेटची अडचणही नेमकी इथेच असते. कारखान्यातूनच त्या पट्ट्यात खड्डे-उंचवटे येतात, कधी डाव्या-उजव्या कपात फरक असतो.

तुमचा हेडसेट त्यातला आहे का, हे पैसे न घालवता कळतं. पुतळ्याच्या कानात मायक्रोफोन ठेवून केलेल्या रेकॉर्डिंग इंटरनेटवर भरपूर आहेत, डोक्याभोवती कात्री किंवा काडेपेटी फिरते तशा. वरची सगळी प्रक्रिया बंद करून, डोळे मिटून एक ऐका. कात्री कानाजवळून मागे गेलेली स्पष्ट कळली तर हेडसेट निदान कामापुरता ठीक आहे आणि बदलायची घाई नको. कळली नाही तर मित्राचा कुठलाही साधा वायरचा हेडफोन लावून तीच रेकॉर्डिंग परत ऐका. इथे एक काळजी घ्या. मोबाईलच्या एकत्र पिनचा हेडफोन संगणकाच्या वेगळ्या भोकात अर्धवट बसला तर कधी कधी सामाईक तार टेकत नाही. मग दोन्ही कानांत डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो आणि मधोमध असलेलं सगळं गायब होतं. गाण्यात गायकाचा आवाज हरवला आणि वाद्यं राहिली, तर समजा पिन नीट बसलेली नाही. गेममध्ये अशा वेळी नेमकी समोरची आणि मागची पावलंच नाहीशी होतात.

आता चाचणी. ‘बरं वाटतंय आता’ यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही, आवाज बसवणाऱ्या कुणीच ठेवू नये. दोन मित्रांना विरुद्ध टीममध्ये घेऊन कस्टम मॅच उघडा आणि मोकळी, एकाच प्रकारची जमीन असलेली जागा निवडा. एक मित्र तुमच्या समोर १०-१५ मीटरवर, दुसरा तेवढाच मागे. तुम्ही डोळे मिटायचे, माऊसला हात लावायचा नाही. दोघांनी तुम्हाला न दिसणाऱ्या चॅटवर नाणं उडवून ठरवायचं की कोण धावेल, आणि त्यानं जागेवरच पुढे-मागे चार पावलं पळायचं. पळायचंच, कारण शिफ्ट दाबून चाललं तर पाऊल ऐकू येत नाही. मनानं ठरवू नका, माणूस आलटून-पालटून निवडतो आणि चौथ्या फेरीला तुम्ही मित्राला ओळखता, आवाजाला नाही. असं २४ वेळा करा, उत्तरं कागदावर लिहा.

२४ पैकी १२ च्या आसपास बरोबर आली तर तुम्ही नाणंच उडवत होतात. १७ किंवा जास्त आली तर ऐकू येतंय, कारण नुसत्या नशिबानं १७ गाठण्याची शक्यता शंभरात ३ च्या आसपास असते. पण आकड्याबरोबर चुकांचा कलही बघा. १२ बरोबर आणि बहुतेक सगळी उत्तरं ‘मागे’, असं निघालं तर तो वेगळा आजार. हेडफोनवर समोरचा आवाज मागे गेल्यासारखा वाटणं फार सामान्य आहे. आवाज येतो आणि डोळ्यांना काही दिसत नाही, मग मेंदू त्याला पाठीमागे ढकलतो. आणि डावं-उजवं एकदा जरी चुकलं तर पुढे जाऊच नका. वायर, मोनो सेटिंग किंवा उलटा घातलेला हेडसेट, यांपैकी काहीतरी आहे.

मग तीच चाचणी माऊस हलवायची परवानगी घेऊन करा. यात खरी कमाई आहे. कान मागे-पुढे फसतो तेव्हा खऱ्या आयुष्यात आपण मान जराशी वळवतो आणि घोळ मिटतो. हान्स वॉलाख यांनी १९४० मध्येच हे दाखवून दिलं होतं. गेममध्ये तुमची मान म्हणजे माऊस. पाऊल नेमकं मधोमध वाटलं तर २०-३० अंश उजवीकडे वळा. आवाज डाव्या कानाकडे सरकला तर माणूस समोर आहे, उजव्या कानाकडे सरकला तर मागे. याला कुणाच्या कानाच्या घड्या लागत नाहीत, उशीर आणि सावली एवढ्यावर काम होतं, म्हणून स्वस्त हेडसेटवरही चालतं. फक्त आवाज तेवढा वेळ टिकला पाहिजे. पळणाऱ्याची दोन-तीन पावलं म्हणजे सेकंदभर मिळतो, तेवढा पुरतो. एकुलत्या एका गोळीच्या आवाजावर ही युक्ती चालत नाही, तुम्ही वळेपर्यंत तो संपलेला असतो. माऊससकट चाचणीत २४ पैकी २१-२२ यायला हरकत नाही. अजूनही १३-१४ वरच अडलात तर कुठेतरी दुसरी प्रक्रिया चालूच आहे, परत वरची यादी बघा.

इथेच ब्लूटूथचा मुद्दा येतो, कारण तुम्ही फोनवर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया) हा गेम खेळताना कानातले वायरलेस बड्स वापरता असंही लिहिलंय. साध्या ब्लूटूथला १५० ते २५० मिलिसेकंदांचा उशीर असतो. तुम्ही वळलात, आवाज सरकला तो पाव सेकंदानं, तोवर तुम्ही परत सरळ झालात. मान वळवण्याची युक्तीच बोथट होते. संगणकावर आणखी वाईट: ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की तो बहुधा फोनकॉलच्या पद्धतीत जातो, म्हणजे मोनो आवाज आणि ८ किंवा १६ किलोहर्ट्झचे नमुने. मोनोत डावं-उजवंही मेलं, आणि १६ किलोहर्ट्झच्या नमुन्यांत ८ च्या वरचं काहीच मावत नाही, म्हणजे खाचांचा अर्धा पट्टा कापला गेला. वायरलेसच हवं असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) असलेला घ्या. नाहीतर वायर, तीच स्वस्त आणि तीच चांगली. मागून बघायच्या गेममध्ये, म्हणजे कॅमेरा पात्राच्या पाठीमागे तरंगतो अशा खेळात, आणखी एक गुंता असतो. ‘कान’ कॅमेऱ्याला बसवायचे की पात्राला, हे बनवणारा ठरवतो. कान कॅमेऱ्यापाशी असतील तर तुमच्या पात्राच्या पाठीला चिकटलेला शत्रू आवाजात तुमच्या समोर असतो. ती तुमची चूक नव्हे.

आता वर-खाली. इथे अपेक्षाच कमी ठेवा, आणि हे मी नाईलाजानं सांगतोय. उंची कळण्याचा जवळजवळ सगळा भार त्या ६ ते १० किलोहर्ट्झच्या खाचांवर असतो. पण पावलाच्या आवाजात त्या पट्ट्यात माल फार कमी असतो, आणि जिथे आवाजच नाही तिथे खाच दिसणार कशी? आपल्या कडुलिंबावर ओरडणाऱ्या कोकिळेचं असंच आहे. शिट्टीसारखा, एकाच पट्टीतला आवाज, त्यामुळे झाड कळतं आणि फांदी कळत नाही. शिवाय खाचा पुतळ्याच्या कानाच्या, तुमच्या नव्हेत.

एक प्रयोग करून बघा. वर्धा रोडवर छत्रपती चौकाजवळ फुटपाथवर सुरक्षित जागी उभे राहून डोळे मिटा. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, त्यावर मेट्रो, ३.१४ किलोमीटरची ती दुमजली रचना तुम्ही रोज बघता. वरून मेट्रो गेली हे तुम्हाला लगेच कळेल. पण उंची ऐकून नाही, रुळावरच्या चाकांचा आवाज टायरपेक्षा वेगळा म्हणून. मधल्या पुलावरचा ट्रक आणि खालचा ट्रक ओळखायला सांगितलं तर खऱ्या कानांनी, खऱ्या जागेतही तुम्ही चाचपडाल.

गेमचे आवाज बसवताना नेमका हाच आधार घेतला जातो. वरच्या मजल्याला लाकूड, खाली काँक्रीट, जिन्याला पत्रा, नळावर किंवा झडपेवर वेगळी खणखण. काउंटर-स्ट्राइक या गेमच्या न्यूक नकाशात दोन बॉम्बच्या जागा एकावर एक आहेत. तिथे टिकणारे खेळाडू ‘वर ऐकू आलं’ यापेक्षा ‘पत्रा वाजला’ यावर खेळतात. तेव्हा तुम्ही रोज खेळता ते तीन-चार नकाशे घ्या, रिकाम्या कस्टम मॅचमध्ये प्रत्येक मजल्यावरून स्वतः पळून बघा आणि कुठे काय वाजतं ते पाठ करा. वीस मिनिटांचं काम आहे. उंचीच्या बाबतीत याची बरोबरी कुठलंच सेटिंग करत नाही.

कानांना सवय लागते, हे मात्र खरं. नेदरलँड्समध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांच्या कानांच्या घड्यांत साचे बसवून त्यांचा आकार बदलला. उंची ओळखणं तिथल्या तिथे कोलमडलं, पण साचे तसेच ठेवून वावरल्यावर काही आठवड्यांत परत आलं. आणि साचे काढल्यावर जुने कान विसरलेले नव्हते. म्हणजे परक्या कानांनी ऐकायला मेंदू शिकतो, अट एवढीच की कान रोज बदलू नका. आज एचआरटीएफ, उद्या ७.१, परवा मित्राचं प्रीसेट, असं केलंत तर मेंदू कधीच बसत नाही. एक मांडणी ठरवा, तीन आठवडे हात लावू नका, मग २४ ची चाचणी परत करा. प्लेस्टेशन ५ आलं तेव्हा त्यात पाच वेगवेगळे कान निवडायची सोय दिली होती. तिथेही एकदा निवडा आणि थांबा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये डाव्या-उजव्याला वेगळं करणारी एक पट्टी आहे. ती वर नेली की बाजू ठळक होतात, पण पलीकडच्या कानात जो नैसर्गिक गळका आवाज यायला हवा तो कमी होतो. मी ती मध्याच्या खालीच ठेवायला सांगतो.

ॲटमॉसचं काय? ते वाईट नाही, तुमच्या गेमसाठी अनावश्यक आहे. त्याचा उपयोग दोन ठिकाणी. एक, गेमकडे स्वतःचं एचआरटीएफ नाही पण तो ७.१ आवाज देतो. तिथे गेममध्ये ७.१ निवडा आणि एकाच कोणाला तरी, ॲटमॉस, डीटीएस किंवा विंडोज सोनिक, हेडफोनसाठी बदल करू द्या. सोनिक फुकट आहे, आधी ते वापरून बघा. साध्या ७.१ मध्ये सगळे स्पीकर एकाच पातळीत असतात, म्हणून उंची तिथून येणारच नाही. दुसरं ठिकाण म्हणजे जो गेम खास त्याच्यासाठी उंचीसकट आवाज पाठवतो तो. नियम तोच: दिशा घालणारा हात एक.

जाता जाता, ही विद्या काल-परवाची नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी ऑरियल कंपनीच्या ए३डी साउंड कार्डांवर हेडफोनमधून मागचा शत्रू ओळखता येत होता. २००० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. मग २००७ च्या विंडोज व्हिस्टानं साउंड कार्डाला थेट काम देणारा जुना रस्ताच बंद केला, आणि बरीच वर्षं लोक ‘७.१’ छापलेल्या खोक्यांवर समाधान मानत राहिले. काउंटर-स्ट्राइकमध्ये एचआरटीएफ आलं तेच २०१६ मध्ये. दुकानदाराच्या डोक्यात अजून खोकंच आहे.

राहिला कूलर. एप्रिल-मेमध्ये तुमच्या चाचणीचे आकडे पडले तर आधी खिडकीकडे बघा. डेझर्ट कूलरची घरघर बहुतेक जाड आवाजाची असते. बंद कपांचे हेडफोन बारीक आवाज बऱ्यापैकी अडवतात, पण जाड आवाज आत येऊ देतात. आणि जाड आवाज त्याच्या वरच्या पट्ट्यांना झाकतो, उलटं तितकंसं होत नाही. मग माणूस व्हॉल्यूम चढवतो. मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि कूलरवर मात करायच्या नादात ती सहज ओलांडली जाते. कूलर एका बाजूला असेल तर टेबल फिरवा म्हणजे त्याचा झोत एका कानावर येणार नाही, नाहीतर एकाच बाजूचं ऐकू येणं दबतं. कपाच्या गाद्या घामानं कडक झाल्या असतील किंवा चष्म्याची काडी मधे फट पाडत असेल तर ती फट आधी बुजवा. आणि रँक्ड मॅचपुरता, तीस-चाळीस मिनिटं, कूलरचा पंखा ‘लो’वर ठेवा. पंप बंद करू नका, ताट्या ओल्या राहिल्या तर कमी वाऱ्यातही निभतं.